फुली केलेल्या जागी

४ फेब्रुवारी

धाकटे,

अक्षर ओळखलंस की पाकीट न फोडताच फेकशील, म्हणून वरचा पत्ता शेजारच्या इस्त्रीवाल्या काकांकडून लिहून घेतला. त्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. पण आता फोडलंच आहेस, तर शेवटपर्यंत वाच. गेल्या चार वर्षांत मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

फोनच केला असता, पण तुझा नंबर बदललाय आणि आपली आत्तेबहीण तो द्यायला तयार नाही. तुझ्या गुडघ्याची बातमी मात्र तिने न विचारता दिली. दिवसभर उभं राहून चष्म्याची भिंगं घासायची, मग गुडघा कुरकुरणार नाही तर काय गाणं म्हणणार? डॉक्टरांनी जिने बंद केलेत म्हणे. आणि वर्षअखेर कारखाना तुला निवृत्त करणार. त्यानंतर कुठे राहणार आहेस? तिसऱ्या मजल्यावरच्या त्या भाड्याच्या खोलीत?

म्हणून हे पत्र. बाबांचं घर पाडून तिथे नवीन इमारत बांधायचं ठरलंय. दचकू नकोस. घराची दशा तू पाहिलेली नाहीस. वरच्या दोन खोल्या गळतात, जिना असा की चढणाऱ्याने आणि उतरणाऱ्याने आधी एकमेकांशी बोलून घ्यावं, आणि परवा माझ्या दुकानाच्या छताचा पोपडा एका गिऱ्हाइकाच्या तयार कपड्यांवर पडला. सगळं पुन्हा धुवायला टाकावं लागलं.

नवीन इमारतीत पुढे, रस्त्याला लागून, माझं शिवणाचं दुकान. त्याला लागूनच तळमजल्यावर तुझी खोली. दारात एकसुद्धा पायरी नाही. मी तीन दिवस त्या नकाशावर पालथी पडून होते. फुटपट्टी, टेप, खडू, सगळं घेऊन. स्वयंपाकघराच्या भिंतीत चार इंच कमी निघाले! बिल्डरचा एक माणूस येतो, त्याचं नाव मी मनातल्या मनात साखरतोंड्या ठेवलंय. तो म्हणाला, "ताई, तुम्ही तर आमच्या इंजिनियरला शिकवाल." दुसऱ्या दिवशी चार इंच वाढवून नवा नकाशा आणला, त्यावर त्यांचा शिक्का. तुला माहीतच आहे, आमच्या धंद्यात आधी कागदावर बेततात. कागद बरोबर असला की कापड चुकत नाही. मग मी सह्या केल्या. बावीस पानं, प्रत्येक पानावर. घर दोघींच्या नावावर, म्हणून तुझ्या वतीनेही केल्या. तुझे व्यवहार बघायचा अधिकार तू मला मुखत्यारपत्रात लिहून दिलाच आहेस.

आता एकच किरकोळ काम राहिलंय. सोबत एक कागद आहे, त्यावर तुझी स्वतःची सही लागते. त्यांच्या ऑफिसची रीत आहे, बाकी काही नाही. खाली पेन्सिलीने फुली केलीय, तिथे सही कर आणि लगेच परत पाठव.

जुनं काही उकरून काढत नाही. गुडघ्याला शेक घेत जा.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र नाही, कागद नाही. गप्प बसण्यात तुझा हात लहानपणापासून कोणी धरलेला नाही. खेळात चिडलीस की तू भांडायची नाहीस, कोपऱ्यात जाऊन बसायचीस, आणि शेवटी मीच कंटाळून शरण यायचे. तसंच समज. आले शरण. आता तरी पाठव.

साखरतोंड्या रोज येऊन बसतो. गिऱ्हाइकांच्या स्टुलावरच बसतो, त्यामुळे माप द्यायला आलेल्या बाईला उभं राहावं लागतं. "ताई, बहिणीचा कागद आला का?" एवढंच विचारतो, पण दिवसातून तीनदा. मार्चअखेर घर रिकामं करायचं ठरलंय. तुझा कागद हातात आला की ते पाडायला लागणार. मी आवराआवर सुरू केलीय. दुकानातच सतरा पोती चिंध्या निघाल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, ताई, एकेक चिंधी कशाला जपतेस? लागतात गं. ठिगळाला लागतात.

एक सांगायचं म्हणजे, नकाशात जरासा फरक पडेल असं ऑफिसात म्हणत होते. मजल्यांची थोडी हलवाहलव. असं होतंच. कापड बेततानासुद्धा कुठे अर्धा इंच दाबावा लागतो. मी आहे इथे, मी बघते. पण तुझी सही आली म्हणजे मला त्यांच्याशी बोलायला जोर येईल.

फुली खाली उजवीकडे आहे.

ताई


५ मार्च

धाकटे,

मागच्या पत्रात "जरासा फरक" लिहिलं. ते खोटं होतं आणि लिहिताना मला ते माहीत होतं.

झालं ते असं. अठरा फेब्रुवारीला मी बिल्डरच्या ऑफिसात गेले होते. नव्या दुकानाच्या फळ्या किती लांब करायच्या, ते बघायला. भिंतीवर मंजुरीला पाठवलेला नकाशा टांगला होता. सवयीने टेप काढला, तर माझं दुकानच सापडेना. तळमजल्यावर पुढे एक भलंमोठं शोरूम, मागे गाड्या लावायची जागा. माझं दुकान तिसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, तोंड कचऱ्याच्या गल्लीकडे. तुझी खोली चौथ्या मजल्यावर. मापं मात्र इंचाइंचाला बरोबर. माझे चार इंचही त्यांनी इमानदारीने दिले होते.

"लिफ्ट?" मी साखरतोंड्याला विचारलं.

"पुढच्या टप्प्यात होईल, ताई."

"अहो, माझ्याकडे साठी उलटलेल्या बायका येतात. त्या तीन जिने चढून माप द्यायला येणार?"

"तुमच्यासारखी शिलाई असल्यावर गिऱ्हाईक डोंगर चढून येईल!"

"आणि माझी बहीण? तिला जिना चढायचाच नाहीये. मी तिला तळमजला कबूल केलाय. हा बघा नकाशा. तुमचाच शिक्का आहे यावर!"

त्याने शांतपणे करार काढला, सतरावं पान उघडलं आणि मला वाचून दाखवलं. सोबतचा नकाशा फक्त कल्पना यावी म्हणून जोडला आहे, त्यात हवा तो बदल करायचा अधिकार बांधणाऱ्याचा राहील. आणि त्याखाली, आमच्या दुकानाच्या आणि खोल्यांच्या बदल्यात तेवढ्याच क्षेत्रफळाची जागा मिळेल, "कोणत्याही मजल्यावर". त्याच्या खाली माझी सही. दोनदा. एकदा माझी, एकदा तुझ्या वतीने.

बावीस पानांपैकी मी एकच पान तपासलं होतं, ज्यावर चित्र होतं. बाकीची एकवीस पानं मला नुसतं अस्तर वाटली. आतलं अस्तर कोण बघतं? आयुष्यभर कागदावर बेतून कापड कापलं, त्यामुळे कागदावर रेघ मारली की तसंच होणार असं मी धरून चालले. मला वाटलं मी शहाणी, चार इंच पकडले. तो तेव्हा मनात किती हसला असेल!

आता तुला जे सांगायचंय ते ऐक. सह्या करताना मी त्याला विचारलं होतं, "एवढं काय लिहिलंय हो यात?" तो म्हणाला, "ताई, विश्वास नाही का?" आणि मला लाज वाटली. समोरचा माणूस एवढा गोड बोलतोय आणि आपण संशय घेतोय, म्हणून खरंच लाज वाटली. मुकाट्याने पुढचं पान उलटलं.

घरी आल्यावर रात्रभर ते वाक्य डोक्यात फिरत होतं. हे आपण आधी कुठे ऐकलंय? आणि आठवलं, की ऐकलं नव्हतं, मीच म्हटलं होतं. तुला. बाबा जाऊन महिना झाला होता, मी तुला मुखत्यारपत्राचा कागद पाठवला होता, अशीच फुली करून. तू फोन करून विचारलंस, "ताई, यात काय लिहिलंय?" मी म्हटलं, "सख्ख्या बहिणीवर विश्वास नाही का?" तू फोन ठेवलास. मग सही केलेला कागद आला, आणि त्यानंतर तुझं एक अक्षर आलं नाही.

मी सगळ्यांना सांगत सुटले की धाकटीला पैसा दिसायला लागला, आता तिला बहीण नको. खरं असं आहे की मी तुला लाजवून तुझी सही घेतली. यात काय लिहिलंय ते मी तेव्हा सांगू शकले नाही, कारण मीही तो कागद वाचलेला नव्हता. कोर्टाबाहेर बसणाऱ्या लेखनिकाला म्हटलं होतं, नेहमीचं असतं ते लिहा. एवढं कबूल करायचं सोडून तुझ्यावरच आवाज चढवला.

मी पाठवलेल्या कागदाचं काय करायचं, ते मला आज तरी सुचत नाही. तू जरा थांब.

ताई


९ मार्च, रजिस्टर टपालाने

धाकटे,

आधी हे वाच. त्या कागदावर सही करू नकोस. केली असलीस तर फाडून टाक. मला पाठवू नकोस.

आता कारण सांगते. काल वकीलबाई कोट घेऊन आल्या, बाह्या आखूड करायला. गेली पंचवीस वर्षं इथल्या निम्म्या वकिलांचे काळे कोट मी शिवतेय. कुणाचा डावा खांदा उतरलाय, कुणाचं पोट दर वर्षी दोन बोटं पुढे येतं, सगळं मला तोंडपाठ. आणि बावीस पानांवर सह्या करताना मी यातल्या एकालाही विचारलं नाही! माझ्याकडे लोक येतात ना, "जाता जाता एवढी टीप मारून द्या" म्हणत, पैसे द्यायचं नाव नाही, त्यांचा मला संताप येतो. मग मी कुणाला जाता जाता करार वाचून द्या कसं म्हणणार? रीतसर फी देऊन विचारता येतं, हे सुचलंच नाही. आणि दुसरंही एक होतं. वकिलाकडे गेलं की लोक म्हणणार, बहिणी-बहिणींत काहीतरी बिनसलंय. जसं काही लोकांना माहीतच नव्हतं.

काल बाहीला टाचण्या लावताना माझे डोळे भरून आले. वकीलबाई म्हणाल्या, "टोचली का?" मी म्हटलं, "हो, पण टाचणी नाही." आणि सगळं सांगितलं. त्यांनी टाचण्या लावलेला कोट तसाच अंगावर ठेवून सगळे कागद वाचले. दीड तास. करार वाचून बाजूला ठेवला. मग तू दिलेलं मुखत्यारपत्र हातात घेतलं.

"हे तुम्ही वाचलंय?"

"नाही."

"तुमच्या बहिणीने तुम्हाला डागडुजी करायचा, कर भरायचा आणि भाडेकरू ठेवायचा अधिकार दिलाय. बस. घर पाडायचा किंवा कुणाला द्यायचा अधिकार यात नाही."

"मग मी तिच्या वतीने केलेल्या सह्या?"

"तिला लागू होत नाहीत. जोवर ती स्वतः मान्य करत नाही तोवर."

"आणि मी तिला पाठवलेला कागद?"

मी त्याची एक प्रत ठेवली होती. त्यांनी ती मोठ्याने वाचली. "माझ्या बहिणीने केलेला करार मी वाचला असून मला तो पूर्ण मान्य आहे." असं लिहिलंय त्यात. मी तुला ऑफिसची रीत म्हणून सांगितलं होतं.

तुझी सही नसेल तर तुझा अर्धा हिस्सा अजून तुझाच आहे, आणि तेवढ्यामुळे घर उभं आहे. चार वर्षांपूर्वी मी नकळत तुझं एवढंच एक बरं केलं, की लेखनिकाला जास्त काही लिहायला सांगितलं नाही.

सही करू नकोस गं. मी पाया पडते.

ताई


१६ मार्च

धाकटे,

तुझं पाकीट परवा आलं. शिक्का पाच तारखेचा आहे, म्हणजे माझी मागची दोन्ही पत्रं तुला मिळायच्या आधीच तू ते टाकलंस.

सही केलीयेस. बरोबर फुलीवर. सोबत एक ओळसुद्धा नाही. विश्वासाने केलीस की एकदाची ब्याद जावी म्हणून केलीस, ते मला कळायला मार्ग नाही. विचारायला मला तोंडही नाही.

पोस्टमनने पाकीट दिलं तेव्हा साखरतोंड्या नेमका स्टुलावर होता. त्याने मागे लिहिलेलं तुझं नाव वाचलं आणि उठून उभा राहिला. आजवर कधी उठला नव्हता. "आला ना कागद, ताई?" मी म्हटलं, "घरचं पत्र आहे." तो हसला. दुसऱ्या दिवशी येताना एक लिहिलेला कागद घेऊनच आला. तुझी सही त्याला दिली, तर माझं दुकान पुढे, तळमजल्यावर. पक्कं, शिक्क्यासकट.

"आणि बहिणीची खोली?"

"ताई, त्यांच्या खोलीला वर उजेड किती छान येईल! आणि नाही दिलात कागद, तर करारात लिहिलंय बघा, बहिणीची संमती आणायची जबाबदारी तुमची आहे. आमचं जे नुकसान होईल ते तुमच्या हिश्श्यातून भरून घ्यावं लागेल. मला काय, मी नोकर माणूस."

तुझ्याशी पुन्हा खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय, म्हणून हेही सांगते. मी त्याला नाही म्हटलं नाही. "उद्या या" म्हटलं. तुझा कागद एक अख्खा दिवस माझ्या कापडाच्या कपाटात होता. पुढे, रस्त्याला लागून दुकान. मोठी काच. गिऱ्हाइकांना चढ नाही. मी मशीनवर बसून शिवत होते आणि मनात तुला समजावत होते की चौथ्या मजल्यावर हवा किती चांगली असते. तुझी बहीण अशी आहे. तू चार वर्षं बोलली नाहीस ते काही उगीच नाही.

संध्याकाळी वकीलबाई कोट न्यायला आल्या. मी कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. म्हटलं, हा माझ्या हातात राहिला तर माझा भरवसा नाही. त्या म्हणाल्या, "कागद तिचा आहे, तिला परत पाठवा. ज्याची सही, त्याने फाडावा."

मग मी विचारलं की आता तिने काय करायचं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दावा लावायचा. हा करार माझ्या हिश्श्याला लागू नाही आणि घर पाडायला मनाई करा, असा. बिल्डरवर." त्यांनी कोट हातावर घेतला. "आणि तुमच्यावर. अधिकार नसताना सह्या तुम्ही केल्यात."

"मग तिचं कामही तुम्हीच बघाल ना?"

"नाही. तिला वेगळा वकील लागेल. तुमचं हित आणि तिचं हित आता एक राहिलेलं नाही."

किती साधेपणाने म्हणाल्या त्या. एका ताटात जेवलेल्या बहिणी आपण. त्या गेल्यावर दुकानाचं दार लावून मशीनवर डोकं टेकलं आणि खूप रडले.

तर आता नीट ऐक. सोबत तीन गोष्टी आहेत. तुझा सही केलेला कागद, तो स्वतःच्या हाताने फाड. तुझं मुखत्यारपत्र, ते रद्द कसं करायचं हे तुझा वकील सांगेल. आणि करार, बावीसच्या बावीस पानं, झेरॉक्स केलेली. कशावरही फुली केलेली नाही. वकील तू शोध, तुझ्या गावात, तुला पटेल तो. मी सुचवेन त्याच्याकडे मुळीच जाऊ नकोस. फी घेतल्याशिवाय वाचतो म्हणाला तर त्याच्याकडेही जाऊ नकोस.

माझं काय होईल, याची काळजी तू करायची नाही. दुकान जाईल कदाचित. मशीन माझं आहे, हात माझे आहेत, कुठल्याही खोलीत शिवता येतं. साखरतोंड्याला आज "कागद मिळणार नाही" असं सांगितलं. त्याच्या तोंडावरची साखर एवढी भराभर विरघळली की बघत राहावं!

दाव्यात माझं नाव घालताना संकोच करू नकोस. पूर्ण नाव घाल. बहिणीची चूक झाली, गैरसमज झाला, असं गुळमुळीत लिहू नकोस. अधिकार नसताना सह्या केल्या, मला न विचारता केल्या आणि मान्यतेचा कागद काय आहे ते लपवून माझी सही मागितली, असं लिही. न्यायाधीशांनी विचारलं की मी "हो, खरं आहे" म्हणणार आहे. वकीलबाईंना तसं सांगून ठेवलंय.

त्या म्हणतात, एकदा तरी तुला स्वतः यावं लागेल. म्हणून आज कोर्टात जाऊन बघून आले. तळमजल्यावरची खोली आहे. बाहेर तीन पायऱ्या आहेत, कमी उंचीच्या, उजव्या हाताला कठडा आहे. तो हलवूनही बघितला, पक्का आहे. दाव्यातल्या दोन बाजूंनी समोरासमोर बसायचं असतं म्हणे. तू तुझ्या वकिलाजवळ बसशील, मी पलीकडच्या बाकावर. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, बघायचंही नसेल तर बघू नकोस. मी मात्र बघणार आहे. चार वर्षांत तू कशी दिसायला लागलीस ते मला माहीत नाही गं.

लवकर दावा लाव.

ताई